शुभकार्याची गाडी बंद करू नये

मला गाड्यांची आवड नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पनवेलात माझी ओळख 'तो लांब गाडीवाला' अशी आहे. रविवारी कोणीतरी अनोळखी माणूस फाटकाशी येऊन फोटो काढू का म्हणून विचारतो आणि जाताना माझ्या रसिकतेचं कौतुक करतो. रसिकता कसली डोंबलाची. मी एक निवृत्त बँक कर्मचारी आहे, स्वभावाने पक्का घाबरट आहे, आणि वडिलांनी ठेवलेली ही गाडी मला विकताही येत नाही आणि चालवतानाही घाम फुटतो.

गाडी पन्नासच्या दशकातली, अमेरिकेतल्या श्रीमंतांसाठी बनवलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष तिचा नव्हता. आठ सिलिंडरचं इंजिन, वजन दोन टन, स्टीअरिंग डावीकडे, आणि बॉनेट इतकं लांब की त्यावर चटई टाकून माणूस झोपेल. क्लच नाही. गाडी आपले गिअर आपणच बदलते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले जुने शनिवार तेली. आमच्या पूर्वजांचा घाणा शनिवारी बंद असायचा. ही गाडी मात्र शनिवारीसुद्धा तेल गाळते, असं माझी बायको म्हणायची. ती हल्ली वर्षातला बराच काळ मुलीकडे इस्रायलला असते, त्यामुळे हा विनोद आता मीच करतो आणि मीच हसतो.

वडील एका कारखान्यात फोरमन होते. पेट्रोल महागलं तेव्हा मुंबईचे शेठ लोक असल्या गाड्या मिळेल त्या भावाला काढत होते, त्यातली ही त्यांनी उचलली. ती घरी आली त्या आठवड्यात, आमच्यात शुभप्रसंगी करतात तो मलिदा झाला. गोड पोहे, खोबरं, वेलची, पाच फळं, सगळं यथासांग. वडिलांनी त्या उत्साहात, दाराच्या चौकटीला लावतो ती प्रार्थनेची डबी, मेझुझा, गाडीच्या दाराला लावता येईल का, असंही एका बुजुर्गांना विचारलं होतं. बुजुर्ग म्हणाले, "लाव, पण मग ती घर झाली, शनिवारी शब्बाथला तिच्यातच बसून राहा."

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. एके दिवशी वडील मला एकट्याला पुढे बसवून पळस्पे फाट्यापुढे घेऊन गेले. गोव्याच्या रस्त्याला तेव्हा तिथे एक सरळ, मोकळा पट्टा होता. "बघ आता," ते म्हणाले आणि त्यांनी पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग गाडी मागून खाली बसली, नाक वर आलं, आणि माझी पाठ सीटला चिकटली. काही म्हणजे काही आवाज नव्हता. आवाज झाला असता तर मला वाटतं इतकी भीती वाटली नसती. बाजूची झाडं नुसती येत होती आणि जात होती, वडील हसत होते, आणि काट्याकडे बोट दाखवून मला काहीतरी सांगत होते. तेवढ्यात पुढे बैलगाडी दिसली.

त्यांनी ब्रेक दाबला, आणि मला त्या दिवशी या गाडीची खरी ओळख झाली. धावायला जितकी तयार, तितकी थांबायला नाही. ती घसरत, डुलत, सावकाश थांबली. बैलगाडीतल्या गवताच्या काड्या आमच्या बॉनेटवर आल्या होत्या. माझी चड्डी ओली झाली होती. वडिलांनी ती पाहिली आणि घरी जाताना रस्ताभर तीस-चाळीसच्या वर गेले नाहीत. पण घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "काय ताकद आहे गं! पोरगं मात्र भित्रं निघालं."

तर अशी ही गाडी माझ्या शाळेतल्या मित्राला त्याच्या मुलाच्या वरातीला हवी होती.

हा मित्र आगरी. कामोठ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्याचं गाव. त्याच्या घरची मिठागरं होती. जमीन शहरात गेली, पैसा आला, आता तो स्वतः इमारती बांधतो. मी तीनदा नाही म्हणालो. गाडी जुनी आहे, ऊन फार आहे, माझं वय झालंय, सगळं सांगून झालं. शेवटी तो म्हणाला, "अरे शनिवार तेल्या, मना नको हाय ती गाडी. मी दहा नव्या उभ्या करीन. आयसची इच्छा हाय. तुझ्या बापाची होरी बोलते ती तिला. नातवाची नवरी त्या होरीतनं आली पायजे, असा बोलते."

होरी म्हणजे होडी. आणि आईचं नाव निघालं म्हणजे मी हरलो. त्याच्या आईने मला वाढवलंय म्हटलं तरी चालेल. ती मिठागरावर डोक्याने मीठ वाहायची, आणि घरी आल्यावर आम्हा दोघांना जेवायला घालायची. आमच्यात कोळंबी चालत नाही, खवले असलेलाच मासा चालतो, हे तिला कोणी समजावलं होतं कोण जाणे. तिच्याकडे कोळंबीचं कालवण असलं तरी माझ्यासाठी खवल्यांची एक बोय वेगळी तळलेली असायची. शिवाय ती गावची धवलारीण. लग्नात धवले म्हणणारी आणि कुठला विधी कधी, कसा करायचा ते सांगणारी. आजही गावात लग्न निघालं की भटजी एकदा तिच्याकडे बघतो आणि मगच पुढचं बोलतो. तिला नाही म्हणणं मला जमणार नव्हतं.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. तळोज्याकडे त्याचं गॅरेज आहे, आणि या गाडीला हात लावायला मी त्याच्याशिवाय कोणाला देत नाही. त्याने दोन दिवस घेतले. म्हणाला, "साहेब, इंजिन एकदम फर्स्टक्लास. वरातीत बंद पडू नये म्हणून त्याची चाल जरा चढवून ठेवलीय, उभ्या उभ्या मरणार नाही. पण ब्रेकच्या आतलं रबर जुनं. असली रबरं आता मिळत नाहीत, मी इथलं कापून बसवलंय. एकच खयाल ठेवा, पाय दाबून धरायचा नाही. दाबायचं, सोडायचं, दाबायचं."

"आणि दाबून धरला तर?"

"तर पेडल हळूहळू खाली जातो. पण इन्शाल्ला तसं काही होणार नाही."

रात्रभर मी अंथरुणात उजवा पाय दाबत आणि सोडत होतो.

लग्न मे महिन्यातल्या रविवारी होतं. चार वाजता मी हॉलच्या दारात गाडी लावली तेव्हा सजावटवाले तयारच होते. त्यांनी बघता बघता गाडीची पुढची जाळी झेंडू आणि शेवंतीने गच्च भरून टाकली. मी ओरडलो, "अहो, जाळी झाकू नका, तिथून इंजिनाला हवा जाते." मित्र खदखदून हसला. "इतकी मोठी अमेरिकन बाई, तिला काय चार फुलांनी गुदमरायला होतं?" मी फुलं उपसायला गेलो तर करवल्या मोबाईल घेऊन फोटोला उभ्या राहिल्या. मी हात मागे घेतला. माझं आयुष्य असंच गेलेलं आहे.

निघताना मित्राने मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा एकदम गंभीर होता. "एक लक्षात ठेव. गावात पोचेपर्यंत गाडी बंद करू नको. काय पन होऊ दे. शुभकार्याची गाडी वाटंत बंद झाली का लोकं नवरीचा पायगुण काढतात. माझ्या थोरल्या बहिणीची जीप तिच्या सासरच्या वेशीत बंद पडलेली. वर्षाच्या आत तिचा सासरा गेला. तिला अजून ऐकवतात रे, नातवंडं झाली तरी. आनि ही तर घाटावरची पोर. आदीच घरात दोन तोंडं वाकडी हायेत."

नवरी मागच्या सीटवर बसली होती. ती तळोज्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, रसायनशास्त्र शिकलेली. तिने मला "नमस्कार काका" म्हटलं आणि पदर आवरून बसली. तिच्या शेजारी नवरदेव. त्या दोघांना आरशात बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की आज माझ्या उजव्या पायावर बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत.

वरात निघाली. पुढे डीजेचा टेम्पो, मग नाचणारे, मग आम्ही, मागे बाया आणि त्यांच्यामागे इतर गाड्या.

क्लचच्या गाडीत माणूस गिअर काढून निवांत बसू शकतो. या गाडीचं तसं नाही. गिअरमध्ये असली की ती सतत पुढे ओढत असते. ब्रेक सैल केला की निघालीच. त्यात मिस्त्रीने इंजिन चढवून ठेवलेलं, म्हणजे ओढ दुप्पट. आणि पुढे, बंपरपासून हातभर अंतरावर, शंभर-सव्वाशे माणसं पाठमोरी नाचत होती. कोणी मागे वळून बघत नव्हतं. मध्येच कोणीतरी येऊन बॉनेटवर थाप मारायचा, कोणी बॉनेटला टेकून सेल्फी काढायचा. मी दाबत होतो, सोडत होतो, दाबत होतो. सोडला की दोन टन वीतभर पुढे जायचे, आणि एखाद्याचा सदरा बंपरला लागायचा. त्याला वाटायचं मी गंमत करतोय. तो हसून मला हात करायचा, आणि मी आतून हसून हात करायचो. माझ्या आयुष्यात मी इतकं खोटं कधी हसलो नाही.

अर्धा तास असा गेला. तापमानाचा काटा चढत होता. जाळीतून हवा जात नव्हतीच. इंजिन मधूनमधून गचके खायला लागलं. बंद पडेल या भीतीने मी ब्रेक डाव्या पायाकडे दिला आणि उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला, म्हणजे एका पायाने पळ म्हणायचं आणि दुसऱ्याने थांब. कुठला पाय कुठला, हे मला स्वतःला सारखं बजावावं लागत होतं. मोठा पेडल ब्रेक, लहान पेडल मरण. मोठा ब्रेक, लहान मरण. मी आमची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच शब्द विसरलो.

मित्रांनी दार उघडून नवरदेवाला नाचायला ओढून नेलं. नवरी एकटीच मागे राहिली. थोड्या वेळाने ती पुढे वाकून म्हणाली, "काका, तुम्हाला काही त्रास होतोय का? केवढा घाम आलाय."

"छे छे, ऊन आहे नुसतं," मी म्हणालो.

तेवढ्यात गावाचा उतार आला. पनवेलच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नवीन सेक्टर भराव घालून उंच केले, आणि जुनी गावं होती तिथेच, खाली, खड्ड्यात राहिली. मोठ्या रस्त्यावरून गावात जाताना गाडी खाली उतरते. उतार फार नाही, सायकलवाला पेडल मारायचं थांबवतो इतकाच. उताराच्या मध्यावर गावदेवीचं देऊळ. तिथे मित्राची आई सुना आणि घरच्या बायांबरोबर ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती.

ऐंशीच्या आसपासचं वय, कंबरेत वाकलेली, लाल लुगडं. मी गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबवली, गिअर काढला, आणि उतार असल्यामुळे ब्रेक दाबून धरला. दाबून धरण्यावाचून इलाज नव्हता. सोडला असता तर गाडी घरंगळली असती. हँडब्रेक ओढलेलाच होता, पण तो नावाचाच. तिने ओवाळलं. बॉनेटला कुंकू लावलं. नारळ फोडला. माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसली. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग तिने ताटातून लिंबं घेतली. नव्या माणसाला घेऊन येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि ते चिरडून गाडी पुढे न्यायची. दुसऱ्या कोणाकडून तरी ती ठेवून घेईल असं मला वाटलं होतं. पण विधी म्हणजे विधी, धवलारीण तो दुसऱ्याच्या हाती कशाला देईल? ती गाडीच्या बरोबर समोर आली आणि खाली बसली. बॉनेट एवढं लांब आणि उंच की ती मला दिसेनाशी झाली.

आणि माझ्या पायाखालचा पेडल खाली जायला लागला.

खाडीच्या चिखलात पाय रुततो ना, तसा. जोर लावावा तितका आत. मी एकदा सोडून दाबला, वर आला, पुन्हा खाली. गाडी बोटभर सरकली. हॉर्न वाजवावा तर वरातीत सगळेच हॉर्न वाजवतात, आणि डीजेच्या दणक्यात तो तिला ऐकू गेला नसता. ओरडून उपयोग नव्हता. पुन्हा दाबला. आता तो वर आलाच नाही. फुलांच्या पलीकडे, चाकांच्या पुढ्यात, ती म्हातारी कुठे आहे, तिचा हात कुठे आहे, डोकं कुठे आहे, मला काही दिसत नव्हतं. गाडी निघाली होती. अगदी हळू, आवाज न करता, पळस्प्याला निघाली होती तशीच गप्प.

या गाडीच्या गिअरला पार्किंगची खूण नाही. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सला टाकला की चाकं अडकतात. चालू इंजिनावर तेच केलं तर गाडी जोरात मागे जाते, आणि मागे बाया उभ्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. म्हणजे आधी किल्ली, मग दांडा. मला मित्राचे शब्द आठवले. त्याची बहीण आठवली. आरशात नवरीचा चेहरा दिसला. हे सगळं आठवायला वेळ नव्हता तरी आठवलं. मग मी किल्ली फिरवली आणि दांडा खेचला.

या दोन गोष्टींच्या मध्ये गाडीला कोणी धरलेलं नव्हतं. मग खाडकन आवाज झाला, सगळी गाडी हादरली आणि थांबली.

पुढून बायांची किंकाळी आली. डीजे बंद झाला.

मी दार उघडून उतरलो. बॉनेटला धरून धरून पुढे गेलो. ती रस्त्यावर बसली होती, एक हात मागे टेकून, दुसरा अजून बंपरखाली चाकाशी. बंपर तिच्या गुडघ्याला टेकलेला होता. डाव्या चाकाखाली एक लिंबू फुटलं होतं, आणि तिची हिरवी बांगडी त्याच्या शेजारी तुटून पडली होती. चाक आणि तिची बोटं यांच्यात चार बोटांचं अंतर नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. जिवंत होती.

नाचणारे वळून बघत होते. मित्र धावत आला, आईकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बायांच्या घोळक्यातून एक आवाज आला, फार मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"गारी बंद परली."

दुसरी म्हणाली, "वेशीवरच परली ना. आनि म्हातारीला पारली."

"मी तवाच बोलली व्हती..."

सगळ्यांचे डोळे मागच्या सीटकडे गेले. काचेच्या आत ती मुलगी बसली होती, मुंडावळ्या कपाळावर, हात मांडीवर. ती हलली नाही. मला बोलायचं होतं. इतकंच बोलायचं होतं की गाडी बंद पडली नाही, मी बंद केली. ब्रेक गेला म्हणून मी माझ्या हाताने बंद केली. एक वाक्य. पण मग ब्रेक नसलेली गाडी वरातीत आणलीस कशी, असं शंभर माणसं मला विचारतील. मिस्त्रीचं नाव येईल, मित्र काय म्हणेल, त्याच्या आईला मी चिरडायला निघालो होतो हे सगळ्या गावाला कळेल. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. फार नसेल. पण तेवढ्या वेळात ती मुलगी त्या घरात काय म्हणून ओळखली जाणार, हे ठरत होतं, आणि ते मला दिसत होतं.

"कोन बोलला बंद परली?"

म्हातारी बोलत होती. बसल्या जागेवरून, पण आवाज लग्नात धवला म्हणते तसा, थेट पोटातून. "मीच खुनावला त्याला, बंद कर म्हनून. मना धवला बोलाचा हाय. त्या धडधडीत कोनाला आयकू येल? आनि मी परली नाय. लिंबू ठेवाला बसाला नको?"

तिच्यापुढे विधीच्या बाबतीत कोण बोलणार? तिने एका सुनेचा हात धरला आणि उठली. उठताना तिचा चेहरा एकदा कळवळला, तो मी पाहिला. मग ती गाडीच्या दाराशी गेली, दार उघडलं, आणि धवला म्हणायला लागली. डीजे नाही, इंजिन नाही, खालून खाडीचा वारा येत होता आणि तिचा जुना, चिरका आवाज. बाकीच्या बाया हळूहळू मागून म्हणू लागल्या. मघाशी बोलली होती ती बाईसुद्धा. नवरी उतरली, नवरदेव नाचणाऱ्यांतून येऊन तिच्या शेजारी झाला, आणि ती म्हातारीच्या हाताला धरून पायी चालत गावात गेली. लोक म्हणाले, असं घरात येणं आजवर कोणाचं झालं नाही.

गाडीच्या चाकांपुढे आम्ही दोन मोठे दगड लावले. मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. "आयसने सांगितला म्हनून ठीक. नायतर मी तुला आज सोडला नसता." तो हसत होता. त्याला काही कळलं नव्हतं.

तासाभराने तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. कॉटवर बसली होती, गुडघ्यावर हळदीचा लेप. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता.

"लागलं ना, आई?"

"लागनार नाय त काय. लोखंड हाय ते."

मी तिच्या पायाशी बसलो. सांगायला सुरुवात केली, ब्रेक, रबर, मिस्त्री, पेडल कसा खाली गेला. तिने हाताने थांबवलं. "मना दिसला बाला. चाक येताना मना दिसला. मना वाटला, गेली आता. तू बंद केलीस, मी वाचली. त्याचा काय नाय." तिने लेपावरून बोट फिरवलं. "पन मंग गप का रायलंस?"

"घाबरलो," मी म्हणालो.

"मी काय घाबरली नवती? मी त चाकाखाली व्हती." तिच्या हातात आता एकच बांगडी होती, ती ती फिरवत होती. "मी मेली असती त लोकं दहा दिस रडली असती. पोरीला त जलमभर ऐकवला असता. मना नको सांगू काय. तिला जाऊन सांग."

नवरी बाहेरच्या खोलीत होती, शालूतच, चार अनोळखी बायांच्या मध्ये. मी तिला बाजूला बोलावलं. ज्या वाक्याने मघाशी घसा सोडला नव्हता ते वाक्य आता म्हणालो. गाडी बंद पडली नव्हती बेटा, मी बंद केली होती. आजीने सांगितलं नव्हतं. ब्रेक गेला होता.

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "मी मागेच बसले होते ना. तुम्ही किल्ली फिरवलीत ते पाहिलं मी."

"मग... तू का नाही बोललीस?"

"मी? नवरीनेच सांगायचं, की हे माझ्यामुळे झालं नाही म्हणून? कोणी ऐकलं असतं?" ती अगदी शांतपणे बोलत होती. "तुम्ही तोंड उघडलं होतंत. मी काचेतून बघत होते. मला वाटलं, आता बोलतील काका, आता बोलतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो, आणि मी भिंतीचा आधार घेतला.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "पाणी आणते." आणि त्या घरातलं स्वयंपाकघर कुठे आहे हे तिला अजून माहीत नसल्यामुळे, एका बाईला विचारून ती आत गेली.